दिवसाला एक चाल

रेडिओच्या ताईंनी मला बजावलं, "पाठ करून येऊ नका, घरी बोलता तसं बोला." म्हणून कागदावर फक्त आकडे लिहून आणलेत. मी बचत गटाची सचिव. आकडे चुकले तर झोप लागत नाही.

मी माण तालुक्यातली. घरी शिलाई मशीन, दोन म्हशी, सासरे, मालक आणि दोन मुलं. वय एकेचाळीस. आज बोलणार आहे बुद्धिबळावर. हसू नका. आमच्या गटातल्या बायकाही आधी हसल्या होत्या, आता गुरुवारी हिशोब संपला की त्याच विचारतात, "पट आणलाय का?"

सुरुवात झाली माझ्या भाचीमुळं. माझी बहीण कोइमतूरला असते. आपल्या माण-खटाव, खानापूर, आटपाडीकडची किती घरं गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलीत, तुम्हाला ठाऊकच आहे. भाची तिथल्या शाळेत बुद्धिबळ शिकली. दोन वर्षांमागं मे महिन्यात ती इथं आली आणि दुपारी कुणी खेळायला मिळेना, म्हणून मला बसवलं. "मावशी, तुला फक्त सोंगट्या हलवायच्यात." आठ दिवस मी फक्त सोंगट्या हलवल्या. ती हरवायची आणि मला गंमत वाटायची. ती गेल्यावर मात्र घर सुनं झालं आणि माझ्या ध्यानात आलं, की मशीनवर बसल्या बसल्या मी कालचाच डाव मनात खेळतेय.

आता आमच्या आबांचं सांगते. आबा म्हणजे माझे सासरे. देवळाच्या ओवरीत बसून त्यांनी उभी हयात बुद्धिबळ खेळलं. तिथं बाई कधी बसली नाही. मी पाणी द्यायला जायची आणि पटाकडं न बघता परत यायची. एके रात्री आबांना म्हटलं, "आबा, एक डाव खेळायचा का?" त्यांनी चष्मा पुसला. मी पहिलीच चाल केली, राजापुढचं प्यादं दोन घरं पुढं. आबा म्हणाले, "हे काय? प्यादं दोन घरं कुणाच्या बापानं नेलं होतं?"

तर झालं असं, की आबांचं बुद्धिबळ देशी पद्धतीचं. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला एकदा घोड्यासारखी उडी घेता येते. प्यादं पार शेवटच्या ओळीत पोचलं, की त्या घरची जी सोंगटी तीच ते होतं. हत्तीच्या घरात पोचलं तर हत्ती, घोड्याच्या घरात पोचलं तर घोडा. माझ्या भाचीचं बुद्धिबळ सगळ्या जगात खेळतात ते. त्या रात्री आमचा डाव झाला नाही, भांडणच झालं.

ही अडचण काही आमच्याच घरची नाही. पंजाबात मीर सुलतान खान नावाचे खेळाडू होऊन गेले. सर उमर हयात खान या जमीनदाराच्या पदरी होते. लहानपणापासून देशी बुद्धिबळ खेळलेला हा माणूस. त्यांना नवे नियम शिकावे लागले, आणि मग 1929 साली इंग्लंडात जाऊन त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. पुढं 1932 आणि 1933 ला पुन्हा. पण मला त्यांच्यापेक्षा दुसरीच गोष्ट सांगायचीय. त्याच जमीनदाराच्या घरी फातिमा नावाची एक कामवाली मुलगी होती. ती त्या लोकांबरोबर इंग्लंडला गेली आणि 1933 साली तिनं तिथली महिलांची ब्रिटिश स्पर्धा जिंकली. घरकामाला ठेवलेली मुलगी! हे वाचलं त्या दिवशी मी आबांना दोनदा वाचून दाखवलं. आबा "हं" म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तो किल्लेकोट कसा करायचा म्हणालीस?"

फोनवरचं शिक्षण सुरू केलं तेव्हा माझ्याकडं मुलाचा जुना फोन होता, काच तडकलेला. व्हिडिओ बघायला लागले. हिंदीत भरपूर आहेत, मराठीतही सापडतात. पण एक गोंधळ होतो, तो आधीच सांगून ठेवते. इंग्रजीत सोंगट्यांची नावं वेगळी. आपला उंट म्हणजे त्यांचा बिशप, आपला घोडा म्हणजे नाइट, हत्ती म्हणजे रूक. आणि आपला वजीर म्हणजे त्यांची राणी, क्वीन. पटावर सगळ्यांत ताकदवान सोंगटी तीच. गंमत अशी, की हजारेक वर्षांपूर्वी हा वजीर तिरका एकच घर सरकायचा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला लांब पल्ला मिळाला, तोवर तिकडं त्याची राणी झालेली होती. आपल्याकडं ताकद आली, पण नाव पुरुषाचंच राहिलं.

तीन आठवडे मी रोज व्हिडिओ बघितले. डावाच्या सुरुवातींची मोठमोठी नावं पाठ झाली. आणि खेळायला बसले की हरायची. दहा डाव खेळले, दहाही हरले. वाटलं, आपल्याला नीट शिकवणारं कुणी नाही म्हणून असं होतंय.

इथंच मी चुकले. गटातल्या बायकांना हे माहीत आहे, आज तुम्हालाही सांगते.

फोनवर एक जाहिरात आली. 90 दिवसांत रेटिंग दुप्पट, समोरासमोर शिकवणारे गुरुजी, फी 3000 रुपये. 3000 म्हणजे माझे किती ब्लाउज, हिशोब तुम्हीच करा. घरात मागायची सोय नव्हती. मालक म्हणाले असते, "रिकामटेकडे धंदे." मग मी गटातून अंतर्गत कर्ज उचललं. महिना शेकडा दोन रुपये व्याज. आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, "शिलाईचं सामान." सचिव मीच, वही माझ्याच हातात. सात वर्षांत दुसऱ्या कुणी खोटं कारण दिलं तर मी तिला सगळ्यांसमोर उभी करायची.

पैसे भरले. गुरुजी-बिरुजी कुणी नव्हते. इंग्रजीत भरून ठेवलेले व्हिडिओ होते, तेही भराभर बोलणारे. मी त्यांच्या नंबरवर मराठीत लिहिलं, हिंदीत लिहिलं. उत्तर एकदाच आलं, पुढच्या वर्गाला 8000 भरा म्हणून. बाई, त्या रात्री मी म्हशींच्या गोठ्यात जाऊन रडले. घरात रडले असते तर कारण सांगावं लागलं असतं.

पैसे गेले ते गेले. पण मी हट्टाला पेटले. भाचीला फोन लावला, तर ती म्हणाली, "मावशी, पैसे कशाला भरलेस? लीचेस फुकट आहे." फ्रान्समधल्या एका माणसानं 2010 मध्ये सुरू केलेलं हे ठिकाण आहे. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. खातं न उघडताही संगणकाशी खेळता येतं, आणि संगणकाच्या आठ पायऱ्या आहेत, एक नंबरची सगळ्यांत सोपी. भाषांच्या यादीत मराठी आहे. अगदी पहिल्यापासूनचे धडेही आहेत. पटावर चांदण्या मांडलेल्या असतात आणि हत्तीनं किंवा उंटानं त्या गोळा करायच्या. माझा धाकटा मुलगा त्यातच पहिल्यांदा घोड्याची चाल शिकला. खातं उघडायचं तर ईमेल लागतो. नाव मात्र खरं देऊ नका, काहीतरी टोपणनाव घ्या. आणि अनोळखी माणसांचे निरोप बंद करायची सोय आहे, ती पहिल्या दिवशीच वापरा. आमच्या गटातल्या एकीला तिच्या दिरानं ह्याच कारणावरून फोनला हात लावू दिला नव्हता. बटण दाखवल्यावर त्याला बोलायला काही उरलं नाही.

खातं उघडलं की रेटिंग मिळतं, म्हणजे तुमच्या खेळाचा आकडा. तिथं सुरुवात 1500 पासून होते. मी खूश. महिनाभरात माझे 1500 चे 870 झाले. मला तर खात्यातून कुणी पैसे काढतंय असंच वाटायचं. भाचीनं समजावलं, की 1500 तुझे कधी नव्हतेच. संगणकाला तुझी माहिती नव्हती म्हणून त्यानं मधला आकडा धरला, आता त्याला माहिती झाली. 870 ही तुझी खरी जागा, इथून चालायला लाग.

मग मी मला जे येतं तेच केलं. वही घातली. शंभर पानी वहीत न जिंकलेल्या प्रत्येक डावापुढं एकच ओळ लिहायची, का गेला. असे 30 डाव झाले तेव्हा बेरीज मारली. 17 डावांत मी सोंगटी फुकट दिली होती. फुकट म्हणजे समोरच्यानं नीट दाखवून हल्ला केला होता आणि मी बघितलंच नव्हतं. 6 डावांत माझा राजा किल्लेकोट करून आपल्याच तीन प्याद्यांमागं कोंडून बसला आणि समोरच्याचा हत्ती सरळ शेवटच्या ओळीत येऊन मात देऊन गेला. 4 डावांत मी जिंकत होते, पण समोरच्या राजाला इतका घेरला की शह नाही आणि चालही उरली नाही. तसं झालं की डाव बरोबरीत जातो. उरलेले 3 डाव पाणी आलं म्हणून अर्धे टाकून उठले, ते वेळ संपून गेले. त्याला इलाज नाही. आमच्याकडं नळाला पाणी येतं तेव्हा पुढं राजा असो नाहीतर वजीर, उठावंच लागतं.

मैत्रिणींनो, 30 पैकी 17! म्हणजे मला डावाच्या सुरुवातींची नावं शिकायची गरजच नव्हती. मला समोरच्याची चाल बघायची गरज होती. मी माझंच काहीतरी मनात योजून बसायची आणि तो काय करतोय तिकडं लक्षच नाही. तेव्हापासून वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं, "ह्यानं ही चाल का केली?" हा प्रश्न मनात विचारल्याशिवाय फोनला बोट लावायचं नाही. त्या एका ओळीनं माझा जितका खेळ सुधारला तितका 3000 च्या व्हिडिओंनी सुधारला नाही.

आणखी एक सोय सांगते. डाव संपल्यावर तो संगणकाकडून तपासून घेता येतो. तिथं "चुकांमधून शिका" असा एक भाग आहे. तुमची चूक जिथं झाली तो पट तो परत मांडतो आणि विचारतो, आता इथं काय खेळाल? तो रागावत नाही, टोमणा मारत नाही. आपल्याला चूक दाखवली की आधी अंग चोरायची सवय असते. इथं चोरायचं कुणापासून?

मी रोज काय करते ते सांगते. सकाळी धारा काढून झाल्या की चहा होईस्तोवर पाच कोडी. तयार पट असतो, त्यातली बरोबर चाल शोधायची. व्हिडिओला नेट फार खर्च होतं, कोड्यांना अगदी थोडं. पण घाई करायची नाही. उत्तर पूर्ण मनात येईपर्यंत हात लावायचा नाही, अंदाजानं बोट मारलं तर पाचशे कोडी सोडवूनही काही येत नाही. कोड्यांतून नजर बसते. घोडा एका उडीत राजाला शह देतो आणि वजिरावरही डोळा ठेवतो, मग राजा हलवावाच लागतो आणि वजीर जातो. किंवा उंट असा येऊन बसतो की समोरच्याची सोंगटी जागची हलूच शकत नाही, हलली तर मागचा राजा उघडा पडतो. आम्ही तिला "दाव्याला बांधलेली" म्हणतो.

आणि शिकायला शेवटापासून सुरुवात करा. शिवण शिकवताना पहिल्या दिवशी कुणी कॉलरचा शर्ट हातात देतं का? सरळ टीप घालायला लावतात. तसं आधी दोन हत्ती घेऊन एकट्या राजाला मात द्यायला शिका. एका हत्तीनं ओळ अडवायची, दुसऱ्यानं पुढच्या ओळीतून शह द्यायचा, जिना चढल्यासारखं. मग एकट्या वजिरानं आणि राजानं मात. हे आलं की प्याद्याची किंमत कळते. हिशोबाला प्यादं एक धरतात, घोडा आणि उंट तीन-तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. तेच एकाचं प्यादं टोकाला पोचलं की नऊचा वजीर होतं.

नवख्यांसाठी एक सावधगिरी. राजाच्या बाजूच्या उंटापुढं जे प्यादं असतं त्याला सुरुवातीला एकट्या राजाचाच आधार असतो. समोरच्याचा उंट आणि वजीर दोघं त्या प्याद्यावर रोखले गेले की चौथ्या चालीत मात होते. माझी अशी सहा वेळा झाली. वजीर लवकर बाहेर आलेला दिसला, की आधी त्या प्याद्याकडं बघा.

खेळायचं तर प्रत्येकाला 15 मिनिटं आणि दर चालीला 10 सेकंद वाढीव, असा डाव लावा. एक-दोन मिनिटांचे डाव असतात, त्यांच्या नादी लागू नका. ते व्यसन आहे, त्यात शिकणं काही नाही.

आता कर्जाचं राहिलं. हप्ते मी भरत होते, महिना 500. व्याज 60, मग 50, मग 40. तिसऱ्या हप्त्याला एकीनं विचारलं, "सामान काय आणलंस गं? मला फॉल-बिडिंग करायचीय." माझ्या तोंडाला कोरड पडली. पटावर नियम आहे, हात लावला ती सोंगटी हलवायची. फोनवर एकदा चाल सोडली की समोरच्याला विनवल्याशिवाय परत घेता येत नाही. मी वही उघडली आणि रकान्यातलं वाचून म्हटलं, "हे खोटं आहे." मग सगळं सांगितलं. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग अध्यक्षबाईंनी 100 रुपये दंड लावला. मीच केलेल्या नियमानं. 3000 मुद्दल, 210 व्याज, 100 दंड. 3310 रुपये फेडले, त्याची पावती अजून आहे माझ्याकडं. आणि तीन महिने वही दुसरीकडं दिली, तेही बरोबरच झालं.

घरी सांगायचं आणखी अवघड गेलं. मालक दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "मग आलं का तरी?" मी म्हटलं, "त्याच्यातनं नाही, पण आलं."

दंड भरला त्या दिवशी गटातली सगळ्यांत थोरली काकू म्हणाली होती, "पैशे आपले गेले, तर शिकव तरी आमाला." जत्रेतून 120 रुपयांचा प्लॅस्टिकचा पट आणला. दहाजणींपैकी चौघी खेळतात. बाकीच्या बाजूला बसून चुकीच्या चाली सुचवतात. काकूला अक्षर येत नाही, पण तिच्याइतका सावध खेळ कुणाचा नाही. सोंगट्या शिकवताना मी म्हटलं, प्यादं कधी मागं फिरत नाही. तर म्हणते, "मग ते सासरी आलेलंय."

मुलींनाही आम्ही सोबत बसवतो. त्यांना सांगायला नावं आहेत आता. 1974 साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी जिंकली, आणि पुढची काही वर्षं ते पद त्या तीन बहिणींतच फिरत राहिलं, वासंती, जयश्री, रोहिणी. 2024 ला बुडापेस्टमध्ये आपल्या महिला संघानं ऑलिंपियाडचं सुवर्ण आणलं, त्यात आपल्या नागपूरची दिव्या देशमुख होती. 2025 च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीला तिनं महिला विश्वचषक जिंकला, वय एकोणीस. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी होती, म्हणजे दोन्ही बाजूंना आपलीच मुलगी. तो निकाल आला तेव्हा आमच्या पटाभोवती बसलेल्या सातवीतल्या एका पोरीनं विचारलं, "ती पण हरायची का आधी?" मी तिला माझी वही दाखवली. हरल्याशिवाय ही वही भरत नाही.

माझं रेटिंग आता 1240 आहे. त्यानं मी कुठली स्पर्धा जिंकणार नाही, आणि पैसाही मिळत नाही. मला कुणी विचारलं, मग ह्यातनं मिळतं काय, तर मला नीट सांगता येत नाही. दिवसातली वीस मिनिटं अशी असतात की तेव्हा मला कुणी काही मागत नाही, एवढं मात्र खरं.

ज्यांना सलग वीस मिनिटंही मिळत नाहीत त्यांच्यासाठी एक प्रकार आहे. एका चालीला एक दिवसापासून चौदा दिवसांपर्यंत मुदत लावता येते. पूर्वी लोक पोस्टकार्डावर चाली लिहून पाठवत, तसंच. मी आणि कोइमतूरची बहीण असे खेळतो, तीन दिवसांच्या मुदतीनं. तिनंही लेकीकडूनच शिकून घेतलं. एरवी आमचं फोनवर बोलणं व्हायचं ते कोण आजारी, कुणाचं लग्न, एवढंच. आता रात्री भांडी झाली की ती एक चाल करते, पहाटे धारांआधी मी करते. आबा मागून डोकावून म्हणतात, "हत्ती संभाळ." हत्ती गेला परवा.

आज स्टुडिओत यायच्या आधी तिची तेविसावी चाल येऊन पडलीय. घोडा पुढं आणलाय. का आणलाय, ते अजून कळलेलं नाही. मला शुक्रवार रात्रीपर्यंत मुदत आहे.

बरं, येते. नमस्कार.